कुडा-वावडिंगाची कोंबड्यांची पावडर: दीड वर्ष वापरल्यावर

एसटीत २७ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर कोकणात साखरप्याजवळच्या आमच्या वाडीत सुधारित गावठी कोंबड्या पाळायला घेतल्या. वेबिल लिहायची सवय हातातून जात नाही, म्हणून शेडमध्येही वही टांगलेली आहे. किती पिल्लं आली, किती गेली, खाद्य किती लागलं, जमिनीवर पसरलेलं तूस कधी बदललं, सगळं त्यात. पुढचं सगळं त्या वहीतून लिहितोय. विषय आहे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची वनस्पतींची पावडर. तिच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारात अशा चार-पाच पावडरी आहेत. पाकिटावरची वनस्पतींची यादी साधारण तीच असते आणि कोंबडीच्या चित्रातला फरक मला तरी सांगता येत नाही.

आधी ही पावडर घ्यायची वेळ का आली ते सांगतो.

आमच्याकडे कोंबडीला खरी मागणी गौरींना. कोकणातल्या बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि त्यासाठी गावठीच लागते, ब्रॉयलर चालत नाही. म्हणजे पिल्लं आणायची ऐन आगोटीला, जूनमध्ये. आणि पिल्लांच्या रक्ती हगवणीला, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत कॉक्सीला, याहून चांगला मुहूर्त नाही. २०२४ ला १२ जूनला कावेरी जातीची ३०० पिल्लं आणली. २४व्या दिवशी सकाळी तुसावर विटकरी रंगाचे डाग दिसले. दुपारी पाहिलं तर ते सरळसरळ रक्त होतं. पिल्लं पंख पाडून, मान आत घेऊन, एकमेकांना चिकटून झिमत बसलेली. तुरे पांढरेफटक. नऊ दिवसांत ५३ गेली.

यात माझीही चूक होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ॲम्प्रोलियम दिलं होतं, पाण्यातून द्यायचं. मी म्हटलं, पिल्लांना अशक्तपणा आलाय, तर सोबत बी-कॉम्प्लेक्स पण देऊ. चौथ्या दिवशी डॉक्टरांना बोलता बोलता सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. ॲम्प्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाचं सोंग घेतं. जंतू त्याला बी-१ समजतो आणि खऱ्या बी-१ला मुकतो, अशी त्या औषधाची युक्ती. मी एका हाताने जंतूला उपाशी ठेवत होतो आणि दुसऱ्या हाताने पंगत वाढत होतो. बी-कॉम्प्लेक्स बंद केलं, दोन दिवसांत मर थांबली. ही एक ओळ औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही, उलट दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत भरून देतात.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये एका दुकानदाराने ही पावडर पुढे केली. 'साइड इफेक्ट नाही, शंभर टक्के आयुर्वेदिक, कॉक्सी फिरकणार नाही.' एक किलोचं पाकीट, ६४० रुपये. मागे छापलेली यादी वाचली आणि मला आमची आई आठवली. कुड्याची साल, दारुहळद, वावडिंग, वेखंड, कडुनिंब. लहानपणी आव पडली की आई पांढऱ्या कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, ताकात उगाळून द्यायची. तोंड दिवसभर कडू राहायचं, पण पोट थांबायचं. कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचं द्रव्य असतं, दारुहळदीचा पिवळा रंग बर्बेरीनचा. पोटाच्या विकारांवर दोन्ही फार जुनी औषधं. तेव्हा नाक मुरडायचं कारण नव्हतं. घेतली.

ऑक्टोबरच्या त्या बॅचला, १५० पिल्लांना, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे किलो खाद्याला एक ग्रॅम पावडर दिली. एकही पिल्लू रक्त हगलं नाही. मी वाडीभर सांगत सुटलो. दोघांनी माझ्या शब्दावर पाकिटं आणली. मग एकदा डॉक्टर लसीच्या कामाने आले असताना त्यांनाही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कोपऱ्यातली खाद्याची रिकामी गोण उचलली, उलटी केली आणि शिवणीत अडकवलेली चिठ्ठी वाचायला लावली. त्यावर छापलं होतं, सॅलिनोमायसिन. मी त्या वेळी कंपनीचं तयार स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, वापरत होतो आणि त्यात कॉक्सीवरचं औषध आधीच घातलेलं होतं. म्हणजे पावडर फुकटची प्रवासी होती आणि तिकिटाचे पैसे मी तिच्या नावावर जमा केले होते.

कोंबडीचं कुठलंही हर्बल औषध वापरून 'गुण आला' म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: खाद्य कुठलं?

तेव्हा ठरवलं की पुढच्या गौरींच्या बॅचला नीट बघायचं. घरचं खाद्य करायचं: मका, सोयापेंड, तांदळाची कणी, मासळीची कुटी, मिनरल मिक्श्चर. बाहेरचं औषध काही नाही. शेडच्या मधोमध जाळी मारली, एका बाजूला पावडर, दुसऱ्या बाजूला नुसतं खाद्य. दोन्हीकडे दोनशे-दोनशे. आत जायच्या चपला वेगळ्या ठेवल्या, एका बाजूला निळ्या आणि दुसऱ्या बाजूला लाल, कारण हा रोग पायांनीच फिरतो. आमच्या हिला हे सगळं पोरकट वाटलं. 'पिल्लं पाळताय का परीक्षा घेताय?' म्हणाली. पण निळी चप्पल लाल बाजूला गेली की तीच ओरडायची.

रोग कसा फिरतो ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून या जंतूची अंडी पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पडल्या पडल्या ती कच्ची असतात, त्यांनी काही होत नाही. त्यांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात. पिल्लू तूस टोचतं, पिकलेलं अंडं पोटात जातं, आतड्याच्या पेशीत शिरतं, तिथे वाढतं, पेशी फोडून बाहेर पडतं आणि आठवड्याच्या आत एकाची हजारो होऊन परत तुसावर. कोंबडीत या जंतूच्या सात जाती आहेत. रक्त काढणारी टेनेला ही सगळ्यांत बदनाम, ती दोन्ही आंधळ्या आतड्यांत बसते. फिनेलसारख्या जंतुनाशकाला ही अंडी दाद देत नाहीत. त्यांना मारते ती कडक उष्णता आणि कोरडेपणा. जून-जुलैत साखरप्याला ही दोन्ही कुठून आणणार?

आणखी एक, जे मला आधी उलटं वाटत होतं. पिल्लाच्या पोटात थोडीफार अंडी जायलाच हवीत. त्यातूनच त्याची प्रतिकारशक्ती तयार होते, कॉक्सीची लसही याच तत्त्वावर चालते. म्हणजे वनस्पतींची पावडर जंतूला पूर्ण अडवत नसली, नुसती त्याची संख्या दाबत असली, तरी तेवढंही कामाचं असू शकतं. डॉक्टरांनीच हे सांगितलं. मलेरियाचा जंतू आणि हा एकाच कुळातले आहेत, हेही त्यांच्याचकडून कळलं. ज्या वनस्पतीतून मलेरियाचं औषध शोधल्याबद्दल चीनच्या तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं, तिचा पाला कोंबड्यांच्या कॉक्सीवरही तपासला गेलाय. माझ्या पाकिटात ती नव्हती. आमच्या पाकिटात आपला कुडाच.

तर २०२५. आपल्याला आठवत असेल, त्या वर्षी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला. गौरीपूजन १ सप्टेंबरला होतं, म्हणून ३ जूनला पिल्लं आणली. शेड बांधल्यापासून इतकी ओली सुरुवात मी पाहिली नव्हती.

पावडर मिसळण्यातच पहिला घोळ झाला. किलोला एक ग्रॅम म्हणजे ५० किलोत ५० ग्रॅम. फावड्याने कितीही वरखाली केलं तरी ती सारखी पसरत नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर पिल्लं मक्याचे कण निवडून खात होती आणि भांड्याच्या तळाला पिवळसर भुकटी तशीच होती. ६४० रुपयांचं औषध भांड्याला पाजत होतो. मग पद्धत बदलली. आधी एक किलो कोंड्यात पावडर हाताने चोळायची, त्यात दोन चमचे गोडेतेल घालायचं म्हणजे ती कणांना चिकटते, आणि मग तो कोंडा पाच किलोत, पाच किलो पन्नासात. पाण्यात भिजवून द्यायचा सल्ला एकाने दिला होता, तो ऐकू नका. आमच्या हवेत ओलं खाद्य संध्याकाळपर्यंत आंबतं आणि बुरशी आली तर कॉक्सीपेक्षा मोठं संकट.

पाकिटाबद्दलही एक तक्रार. वर चिकटपट्टी नाही. एकदा कापलं की उघडंच. जुलैत अर्धी पावडर गूळ झाली. मी ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली. ६४० रुपये घेणाऱ्याने हे करायला हवं होतं.

आता निकाल. नुसत्या खाद्याच्या बाजूला २५व्या दिवशी रक्त दिसलं. पावडरच्या बाजूला २८व्या दिवशी, आणि तेही चार-सहा ठिकाणी. विष्ठा दवाखान्यात नेली. तिथे मिठाच्या दाट पाण्यात ढवळून ठेवतात, अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात, आणि तो वरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतात. दोन्ही बाजूंच्या नमुन्यांत अंडी होती. पावडरच्या बाजूला कमी, पण होती. नुसत्या बाजूला लगेच ॲम्प्रोलियम सुरू केलं (बी-कॉम्प्लेक्स कुलपात), दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन दिवसांनी. एकूण मर: नुसत्या बाजूला १७, पावडरच्या बाजूला ६. आठव्या आठवड्यात दोन्हीकडची वीस-वीस पिल्लं पकडून वजन केलं. पावडरवाली सरासरी ६९० ग्रॅम, नुसती ६४०.

इथे थांबलो असतो तर हा लेख पाच तारे देऊन संपला असता.

पण जुलैच्या मध्यावर एक रात्र जोराची झड आली. टॉर्च घेऊन शेडमध्ये गेलो, आणि माझ्या लक्षात आलं की पाऊस सगळा पश्चिमेकडून आत येतोय. पश्चिमेची बाजू कुणाची? नुसत्या खाद्याची. त्या बाजूचं तूस मुठीत दाबलं तर लाडू वळत होता. पूर्वेच्या, म्हणजे पावडरच्या बाजूचं तूस मूठ उघडताच सांडत होतं. महिनाभर मी चपलांचे रंग सांभाळले आणि वारा कुठून येतो ते पाहिलं नाही.

म्हणून सप्टेंबरच्या बॅचला बाजू बदलल्या. १५० पिल्लं पश्चिमेला पावडरवर, १५० पूर्वेला नुसत्या खाद्यावर. परतीचा पाऊस त्या वर्षी हात आखडून नव्हताच. पश्चिमेला, पावडर खाऊन, ९ पिल्लं गेली. पूर्वेला, काहीही न देता, ५. रक्त दोन्हीकडे एकाच दिवशी दिसलं. आता कुणी म्हणेल की पावडर नसती तर पश्चिमेला ९ ऐवजी २० गेली असती. असेलही. जूनच्या आकड्यांवरून मलाही वाटतं की पावडर काहीतरी करते. पण किती करते हे माझी वही सांगू शकत नाही आणि 'शंभर टक्के' म्हणणारा तो दुकानदार तर नाहीच नाही. वही एवढं मात्र नक्की सांगते की ओल्या तुसापुढे पावडर हरते.

खर्चाचं बोलायचं तर महाग नाही. दोनशे पिल्लांनी सहा आठवड्यांत २४० किलो खाद्य खाल्लं, म्हणजे २४० ग्रॅम पावडर, १५४ रुपये. पिल्लामागे ७७ पैसे. एवढ्यात हल्ली लहान मुलाचं अर्धं तिकीटही निघत नाही. एक पिल्लू वाचलं तरी पैसे वसूल. दुसऱ्या बाजूने पाहा: पश्चिमेला पागोळीच्या आत सोडायची ताडपत्री मी नंतर २१०० रुपयांना आणली, ती तीन-चार पावसाळे टिकेल.

जंतांबद्दल वेगळं सांगतो, कारण पाकिटावर 'कॉक्सी व जंत दोन्हींवर' असं ठळक लिहिलंय आणि लोक त्याच्या भरवशावर जंताचं औषध बंद करतात. वावडिंग हे जंतावरचं नामांकित औषध, माणसांतही. पण पाकिटात ते किती आहे? कुठेच लिहिलेलं नाही. पाचही वनस्पतींची नुसती नावं, प्रमाण एकाचंही नाही. गौरींच्या आदल्या दिवशी घरच्यासाठी पावडरच्या बाजूचे दोन कोंबडे कापले. आतडं उघडलं तर दोन-तीन इंच लांबीचे पांढरे गोल जंत, एकात सात, एकात अकरा. शेवयांसारखे. नुसत्या बाजूच्या कोंबड्यात नऊ सापडले. फरक शून्य. त्या दिवशी ही म्हणाली, 'आतडी मला दाखवत जाऊ नका, सणाचं जेवण करायचंय.' जंताचं औषध मी आता डॉक्टरांना विचारून वेळापत्रकाने देतो आणि ते दिल्यावर किती दिवस कोंबडी विकायची नाही हेही त्यांनाच विचारतो.

उवा-गोचिडांवरही पाकिटात एक वाक्य आहे. खाद्यातली पावडर पिसांतल्या उवांना कशी मारणार हे मला समजलेलं नाही. चुलीची राख, कोरडी माती आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा एका घमेल्यात ठेवला की कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात. फुकट आहे.

कुणी म्हणेल, मग कुडा दारात आहे तर पाकीट कशाला? तेही करून पाहिलं. साल वाळवून, कुटून, चाळून खाद्यात घातली. अंदाजाने घातली, जरा जास्तच झाली. पिल्लांनी एक घास घेऊन तोंड फिरवलं. दिवसाला सात किलो खाणारी बाजू साडेचार किलोवर आली. कुडा तो, कडूच. पाकिटवाल्यांनी निदान ते प्रमाण जमवलंय, हे मान्य करायला हवं. शिवाय कुडे दोन. पोटाच्या औषधाला मान पांढऱ्या कुड्याचा, आणि काळा कुडा दिसायला भाऊ, पण त्याची सर त्याला नाही. सालींच्या बाजारात काळ्याची साल पांढऱ्याच्या नावाने खपते. बियांत फरक कळतो. पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोड. आमची आई जिभेवर ठेवून सांगायची. पावडरच्या पाकिटात कुठला आहे हे जिभेने कसं कळणार, सगळंच कडू. तरी मी एकदा चाटून पाहिली. वेखंडाचा वास आधी येतो, मग कडवटपणा येतो आणि जात नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनला दोनदा फोन केला. पहिल्यांदा प्रमाण विचारलं, 'ते गोपनीय आहे' म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, रोग आल्यावर काय करू, तर 'डोस दुप्पट करा' म्हणाले. हे मात्र धोक्याचं आहे. रक्त दिसल्यावर दुप्पट पावडर घालून वाट बघणारा माणूस पिल्लं पुरत बसेल. आजारी पिल्लू मुळात खातच नाही, पाणी तेवढं पितं. त्यामुळे खाद्यातलं औषध त्याच्या पोटात पोचणार कसं? त्या दिवशी पाण्यातूनच द्यावं लागतं आणि ते कपाटात आधीपासून असावं लागतं, कारण झड लागली की आमच्याकडून बाजारात जाणंही अवघड.

परत घेईन का? घेईन, पण फक्त जून ते ऑक्टोबरच्या पिल्लांसाठी, दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांना घालणार नाही, त्यांची प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, त्यांच्यावर पैसे कशाला. पाच ताऱ्यांपैकी तीन. एक तारा पाकिटावरच्या जंतांच्या वाक्यासाठी कापला, एक हेल्पलाइनसाठी.

शिमग्याची पिल्लं परवा येतायत, दोनशे. सध्या हवा कोरडी आहे, तूस मुठीतून वाळूसारखं सांडतंय, म्हणून या वेळी पावडर घालणार नाही. बरणीत साधारण ३०० ग्रॅम उरलीय, कोनाड्यात ठेवलीय. वर चिठ्ठी चिकटवलीय, कारण मागच्या आठवड्यात हिने ती धणेपूड समजून आमटीत घालायला काढली होती.